स्क्रीनवरचा ऊस आणि रानातला ऊस

लोकांचे फॉर्म भरून देणं हा माझा धंदा. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी स्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, झालंच तर पोरांचे परीक्षेचे अर्ज. अठरा वर्षं स्क्रीनसमोर बसून काढली. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत ‘फवारणीचा ड्रोन घेऊया, पण चालवणार कोण?’ हा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

“तू कॉम्प्युटरवाला हैस की. पडद्यावर बोटं फिरवायची, आणि काय असतंय त्यात?” अध्यक्ष म्हणाले.

माझं वय ४३, डोळ्याला चष्मा, आणि गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी पोटात गोळा येतो. पण ‘न्हाई’ म्हणवेना. आदल्या वर्षी आमच्याच उसावर लोकरी मावा आला होता आणि आठ फुटी उसात पाठीवरचा पंप घेऊन शिरायला गडी मिळेना. जे दोघं शिरले ते पात लागून तोंड-हात रक्ताळून बाहेर आले. औषध माव्यावर किती पडलं आणि त्यांच्या अंगावर किती, हे न विचारलेलं बरं.

आता डिसेंबर संपत आलाय आणि माझ्याकडं प्रमाणपत्र आहे. मधल्या पाच महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतोय, अशाच एखाद्या बैठकीत सापडलेल्या माणसासाठी.

सुरुवात कागदांपासून. ड्रोनचे सध्याचे नियम २५ ऑगस्ट २०२१ चे, पुढं त्यात दुरुस्त्या झाल्या. सगळं वजनावर ठरतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, त्यापुढं मीडियम आणि लार्ज. दहा लिटर टाकीचे फवारणी ड्रोन भरल्या टाकीसकट २५ किलोच्या आत बसतील असे बांधतात, ते का, हे इथं कळलं. मला लागणार होतं स्मॉल वर्गाचं रिमोट पायलट प्रमाणपत्र. अट काय? वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण. आधी पासपोर्ट लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, वाहन परवाना यांवरही भागतं. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. सरकारी फी फक्त १०० रुपये. खरी चाट प्रशिक्षणाच्या फीची.

आणि मग, दुसऱ्यांना रोज ‘नाव जुळत नाही, परत जावा’ असं सांगणारा मी स्वतःच त्यात अडकलो. दहावीच्या कागदावर वडिलांचं नाव ‘बापू’, आधारवर ‘बापूसाहेब’. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र, नोटरी, ५०० रुपये आणि नऊ दिवस गेले. केंद्रात रांगेत उभी असलेली म्हातारी म्हणाली, “आता कळलं का रं, आमास्नी कसं वाटतंय?” पैसे भरण्याआधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. मी हे दिवसाला वीस जणांना सांगतो. स्वतःला सांगायचं राहिलं.

संस्थेची तारीख मिळाली १८ ऑगस्टची. हातात तीन आठवडे होते. तोवर घरी काय करता येईल म्हणून शोधाशोध केली, आणि खरी शाळा तिथंच सुरू झाली.

ड्रोनशी बोलणारे जे प्रोग्रॅम आहेत त्यांना ग्राउंड कंट्रोल स्टेशन म्हणतात. त्यातला ‘मिशन प्लॅनर’ फुकट आहे, विंडोजवर चालतो, आणि त्यात खोटा ड्रोन उडवायची सोय आहे. मायकेल ओबोर्न नावाच्या माणसानं तो लिहायला घेतला, आता जगभरचे लोक त्यात भर घालतात. केंद्र आठला बंद करायचं, शटर अर्धं ओढायचं आणि जुन्याच कॉम्प्युटरवर बसायचं, असा नेम ठेवला. ‘सिम्युलेशन’ हे पान उघडून चार पंख्यांच्या चित्रावर क्लिक केलं, थोडा वेळ काहीतरी डाउनलोड झालं, आणि माझा ड्रोन नकाशावर उगवला. कुठं? तर ऑस्ट्रेलियात. कॅनबेराजवळ मॉडेल विमानं उडवणाऱ्यांचं एक मैदान आहे, सिम्युलेटर मुळात तिथं सुरू होतो. मला वाटलं काहीतरी मोडलं. दोन रात्री मी कॅनबेरातच उडत होतो. तिसऱ्या रात्री कळलं की सुरू करायच्या आधी नकाशावरची ‘होम’ची खूण ओढून हवी तिथं ठेवता येते. मग ती आमच्या मळ्यातल्या विहिरीजवळ आणून ठेवली आणि जरा बरं वाटलं.

डाव्या हाताला वर निळं-हिरवं अर्धं-अर्धं चित्र असतं, विमानाच्या कॉकपिटमधलं असतं तसं. वर आभाळ, खाली जमीन, मधे क्षितिजाची रेघ. ती रेघ डावीकडं कलली की मी ड्रोन डावीकडं कलला असं समजायचो. ते बरोबर उलटं आहे. आपण ड्रोनमध्ये बसलोय असं धरायचं; आपण उजवीकडं झुकलो की बाहेरचं क्षितिज डावीकडं झुकल्यासारखं दिसतं. एसटीच्या खिडकीतून घाटात बघावं तसं. ही एसटी डोक्यात आल्यावर परत चूक झाली नाही. नकाशावर ड्रोनच्या चित्रातून रंगीत रेघा निघतात. त्यातली लाल म्हणजे नाक कुठं आहे ती. सुरुवातीला एवढी एकच बघा, बाकीच्या मागाहून.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक गंमत झाली. आदल्या रात्री मी शेजारच्या पट्टीवर फेऱ्यांचा मार्ग आखून उडवला होता. त्या रात्री आमच्या पट्टीवर नवा आखला. कोपऱ्यांवर क्लिक करून बांध काढला, उजव्या क्लिकमधून सर्व्हे निवडला, पिवळ्या रेघा उसाच्या सरींसारख्या ओळीनं पडल्या. डोळ्यांचं पारणं फिटलं. ऑटो दाबलं. ड्रोन उठला आणि शेजाऱ्याच्या रानात गेला.

अर्धा तास डोकं धरून बसलो. मग दिसलं, ‘राइट’, म्हणजे ‘लिही’, असं एक बटण मी दाबलंच नव्हतं. आखलेलं सगळं माझ्या कॉम्प्युटरवर होतं. ड्रोनच्या पोटात कालचाच मार्ग होता. फॉर्म नीट भरून, फोटो लावून, ‘सबमिट’ न दाबता घरी जाणारं गिऱ्हाईक असतं ना, तसा मी. त्या रात्री एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: स्क्रीनवर दिसतं ते माझ्या मनातलं, ड्रोनच्या मनात काय आहे ते वेगळं विचारावं लागतं. म्हणून आता मी मार्ग पाठवतो आणि लगेच ‘रीड’ दाबून त्याच्याकडूनच परत वाचून घेतो. दोन्ही सारखे दिसले तरच पुढं.

दुसरा घोळ आकड्यांचा. बॅटरी उतरली किंवा रिमोटचा संपर्क तुटला की ड्रोन आपोआप घरी परततो, त्याला आरटीएल म्हणतात. परतीची उंची ठरवायच्या रकान्यात मी ३० टाकलं, म्हणजे ३० मीटर या हिशोबानं. तो रकाना सेंटिमीटरचा होता. मुळात तिथं १५०० हा आकडा होता, म्हणजे १५ मीटर. मी तो काढून एक फूट केला. नियम असा की ड्रोन आधीच त्याहून वर असेल तर आहे त्याच उंचीवर सरळ घरी येतो. पाच मीटरवर फवारत असेल तर पाच मीटरवरूनच, मधे चिंच असो की विजेची तार. सिम्युलेटरमध्ये तो छान परत आला. तिथं चिंच नव्हती. ही चूक मला स्वतःला कळलीच नाही, ती पुढं प्रशिक्षणातल्या सरांनी पकडली.

सूचना सगळ्या इंग्रजीत. मला इंग्रजी वाचता येतं, पण घाबरलेल्या माणसाला आईची भाषा लागते. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला स्क्रीनवर येतं ते जसंच्या तसं, उजव्या बाजूला मराठी आणि काय करायचं ते. ‘बॅड जीपीएस हेल्थ’ : जीपीएस धड नाही. झाडाखालनं बाहेर काढ, आभाळ मोकळं हवं, थांब. ‘कंपासेस इनकन्सिस्टंट’ : दोन होकायंत्रं दोन दिशा सांगतायत. लोखंड लांब कर. ‘ईकेएफ’ लाल झालं : यंत्राला स्वतःचा ठावठिकाणा कळेना. उडवू नको, उडत असेल तर हातानं खाली घे. ‘प्रीआर्म’ नं सुरू होणारी कुठलीही ओळ : पंखे सुरू करायला ड्रोन नकार देतोय. त्याचं ऐक.

ऑगस्टच्या १७ तारखेला संस्थेच्या गावी पोचलो. फी ४५,००० आणि त्यावर जीएसटी धरून ५३,१००. डॉक्टरांचा दाखला ३००. पाच दिवसांचं राहणं-जेवण ४,२००. आमच्या तुकडीत कृषी पदवीची दोन पोरं, कराडकडचा एक लग्नाचे फोटो काढणारा, आणि बचत गटातल्या दोन ताया. केंद्र सरकारच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेचं त्यांना ठाऊक होतं. १५,००० गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. पण त्यांच्या गटाची निवड व्हायची होती, तोवर शिकून ठेवू म्हणून आल्या होत्या. मी सोडून सगळे तिशीच्या आतले. पहिल्या चहालाच माझं ‘काका’ झालं.

पहिले दोन दिवस वर्गात. नियम, हवामान, बॅटरीची निगा, आणि हवाई वाहतुकीच्या रेडिओवर बोलायची पद्धत. ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ म्हणताना मागच्या बाकावर हसू फुटायचं. कुठं उडवायची मुभा आहे ते दाखवणाऱ्या हवाई नकाशाचे रंग पाठच करा. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. पिवळ्यात हवाई नियंत्रणाची परवानगी. लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. आमचं गाव कोल्हापूरच्या विमानतळापासून लांब, हिरव्यात. मी आधीच बघून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सिम्युलेटर. माझी छाती फुगलेली, तीन आठवड्यांची तालीम होती. सर एअरफोर्समधून निवृत्त झालेले, आवाज कमी आणि नजर जास्त. त्यांनी माझं स्क्रीनवरचं काम दहा मिनिटं बघितलं. मग विचारलं, “परतताना वाटेत काय आहे?”

मी म्हणालो, “काही नाही सर, मोकळं रान.”

“तुमच्या गावात झाडं नाहीत?”

तेव्हा तो ३० चा आकडा बाहेर आला. सर रागावले नाहीत. वहीत लिहून घ्या म्हणाले. लिहिलं : आकडा टाकण्याआधी मोजमाप काय आहे ते वाच. मीटर का सेंटिमीटर. आणि वाटेतलं सगळ्यात उंच झाड शोध.

चौथ्या दिवशी मैदानात मी ड्रोन वर घेतला आणि सवयीनं मान खाली, टॅबकडं. सर आले आणि टॅबवर वर्तमानपत्र टाकून गेले. “आता उडवा.” नजरेच्या टप्प्यात ठेवून उडवायचं हा नियम, आणि मला त्याची सवयच नव्हती. ड्रोनचं नाक आपल्याकडं असलं की डावं-उजवं उलटं होतं. आठच्या आकड्यात फिरवायचं, तर प्रत्येक वळणावर माझी बोटं घोटाळायची. पोरांनी दोन फेऱ्यांत जमवलं, मला अकरा लागल्या. त्या संध्याकाळी बायकोला फोनवर ‘ठीक चाललंय’ म्हणालो आणि लवकर झोपलो.

त्यात चष्म्याची भानगड. वर आभाळात बघायला लांबचा, खाली स्क्रीनला जवळचा. सारखा काढ-घाल करताना एकदा तो गवतात पडला आणि ड्रोन हवेत. पाचव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिथल्याच दुकानातून १,८०० रुपयांचा बायफोकल तातडीनं करून घेतला. चाळिशी ओलांडलेल्यांनी हे काम जायच्या आधीच उरका.

संस्थेच्या टॅबवर क्यूग्राउंडकंट्रोल होतं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात शिकत असताना लोरेन्झ मायर यांनी सुरू केलेलं. ड्रोन आणि स्क्रीन ज्या भाषेत बोलतात ती मॅव्हलिंकही त्यांचीच, २००९ ची. मिशन प्लॅनर म्हणजे तलाठ्याचं दप्तर, सगळं आहे पण शोधावं लागतं. हे त्यामानानं बँकेच्या एटीएमसारखं, मोजकंच. सगळं जुळलं की वरच्या पट्टीत हिरव्यात ‘रेडी टू फ्लाय’ येतं. आणि उड्डाणासारखं मोठं काम नुसत्या बटणानं होत नाही, पट्टी बोटानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावी लागते. मला हे फार आवडलं. ‘नक्की का?’ असं विचारणारी चौकट कुणी वाचत नाही, माझ्या केंद्रात तर मीच वाचत नाही. पण पट्टी सरकवताना एक क्षण जातो, आणि तेवढ्यात मन ‘थांब’ म्हणू शकतं.

२२ ऑगस्टला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा झाल्या. लेखीत पर्याय निवडायचे होते, ती सोपी गेली. प्रात्यक्षिकात आठचा आकडा काढताना मी स्क्रीनकडं एकदाही बघितलं नाही. उतरताना ड्रोन खुणेपासून हातभर बाजूला बसला. सर काही बोलले नाहीत. त्यावरून समजलो.

गणपती आले, गेले. रोज उठून ईमेल बघायचं. प्रमाणपत्र आलं १० सप्टेंबरला, १९ दिवसांनी. मीच माझ्या केंद्रात प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि सवयीनं वहीत २० रुपये लिहिले.

हिशोब एकत्र सांगतो : प्रशिक्षण ५३,१००, राहणं-जेवण ४,२००, दाखला ३००, प्रतिज्ञापत्र ५००, चष्मा १,८००, सरावाचा यूएसबी रिमोट २,६००, सरकारी फी १००. एकूण ६२,६००. प्रशिक्षणाची फी कंपनीनं दिली, बाकी माझे. ड्रोन कंपनीनं कर्जावर घेतला. शेतकरी कंपनीच्या अवजार बँकेसाठी किमतीच्या ४० टक्के, कमाल ४ लाख अनुदान असतं, त्याचा अर्ज मीच भरला आहे. ड्रोनचा नोंदणी क्रमांक मालकाच्या, म्हणजे कंपनीच्या नावानं काढावा लागतो. त्याची फीही १००.

पाऊस उघडता उघडेना, म्हणून रानात पहिलं उड्डाण ९ ऑक्टोबरला. औषध नको, नुसतं विद्राव्य खत, असं मी आधीच ठणकावलं होतं. बघायला निम्मं गाव.

ड्रोन टेम्पोतून उतरवला, विहिरीशेजारच्या सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवला आणि रिमोटची स्क्रीन लाल. होकायंत्र बिघडलं. होकायंत्र जुळवायचं तर ड्रोन उचलून सगळ्या बाजूंनी गोल फिरवावा लागतो. मी आणि मदतीला ठेवलेला पोरगा, दोघं त्याला कडेवर घेऊन नाचलो. तीनदा. चौथ्यांदा तो म्हणाला, “काका, ह्या कट्ट्याखाली लोखंडाची जाळी हाय. माझ्या बानंच टाकल्या.” ड्रोन पंधरा फूट लांब मातीत नेला. हिरवा. वहीत ‘लोखंड लांब कर’ मीच लिहिलं होतं, पण लोखंड जमिनीखालीही असतं हे लिहायचं राहिलं होतं.

मग बांध. उपग्रहाच्या फोटोवर बोट ठेवून कोपरे घेणं सोपं, पण त्या फोटोतली जागा आणि जीपीएसची जागा काही मीटरनं सरकलेली असू शकते. आमच्या इथं तीन मीटरची सरक आढळली. स्क्रीनवर ती केसाएवढी. रानात तीन मीटर म्हणजे शेजाऱ्याच्या दोन-अडीच सऱ्या, आणि आमच्याकडं वीतभर बांधावरून कोर्टात गेलेली घरं आहेत. उद्या तणनाशक असलं आणि शेजारी हरभरा असला तर? म्हणून कोपरे नेहमी रिमोट हातात घेऊन, पायी चालत, प्रत्यक्ष खुंटाजवळ उभं राहून घ्यायचे. पट्टीला चाळीस मिनिटं जातात. एकदा घेतले की साठवून ठेवता येतात, पुढच्या वेळी परत चालावं लागत नाही. नकाशाही घरी वायफायवर उतरवून ठेवा; उसात नेटवर्क नसतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळं हा लेख लिहायला बसलो. उंची मी ३ मीटर ठेवली होती. पिकापासून दोन-तीन मीटर वरून फवारायचं असं शिकवलेलं. ड्रोन रस्त्यावरून उठला, स्क्रीनवर ३.० आलं, रानाकडं निघाला आणि उसाच्या शेंड्यांत शिरतोय असं दिसलं. पाती हलली, पंख्यांचा आवाज बदलला. मी रिमोटच्या काठ्या सोडून गोठलो असतो, पण सरांनी टाकलेलं ते वर्तमानपत्र आठवलं. वर बघत होतो म्हणून दिसलं. हातानं वर ओढला.

स्क्रीनवरचे ३ मीटर उड्डाणाच्या जागेपासूनचे. ऊस अडीच मीटर उंच. मधे उरलं हातभर. खालची उंची मोजणारं रडार आम्ही पैसे वाचवायला घेतलं नव्हतं, त्यामुळं ड्रोनच्या लेखी तिथं ऊस नव्हताच. रस्त्याच्या पातळीचं सपाट मैदान होतं. नकाशावर ऊस हिरवा दिसतो म्हणून आपल्याला वाटतं की यंत्रालाही तो दिसतोय. त्याला रंग दिसत नाही, आकडा दिसतो, आणि तो आकडा मीच चुकीचा दिला होता. आता आधी बांबू घेऊन उसाची उंची मोजतो, त्यात अडीच मीटर मिळवतो, रान रस्त्यापेक्षा चढावर असेल तर तेही मिळवतो, मग आकडा टाकतो. रडारसाठी पुढच्या बैठकीत विषय मांडलाय.

त्या दिवशी एक एकर झाला. टाकी दहा लिटर, वेळ आठ मिनिटं. पाठीवरच्या पंपाला एकराला दीड-दोनशे लिटर पाणी लागायचं. टाकी संपली की ड्रोन कुठं थांबला ते स्क्रीन लक्षात ठेवते आणि भरून सोडला की तिथूनच पुढं सुरू करते. हे बघून अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मी घामानं निथळत होतो.

छोट्या छोट्या गोष्टी : दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही, बिस्किटाच्या खोक्याची झापड करून लावा. ओल्या हातांनी स्क्रीनला हात लावू नका. पाण्याचा थेंबही बोटासारखं बटण दाबतो. औषध कालवणारा आणि स्क्रीन हाताळणारा माणूस वेगळाच हवा. सकाळी दहाच्या आत आटोपा, पुढं वारा सुटतो.

नोव्हेंबरात भाचा पुण्याहून आला. त्यानं २९ जानेवारी २०२२ चा, प्रजासत्ताक दिनानंतरच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्याचा व्हिडिओ दाखवला, दिल्लीच्या आभाळात १,००० ड्रोन. “मामा, आपण दोन तरी एकदम उडवूया की!” रानात नाही म्हटलं, पण शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरवर बसलो. त्याच्या लॅपटॉपवर एक खोटा ड्रोन, माझ्यावर एक, दोन्ही एका स्क्रीनला जोडले. चित्र एकच दिसायचं, आणि ते मारुतीसारखं उड्या मारायचं, घटकेत विहिरीवर, घटकेत रस्त्यावर. दोघांचा ओळख क्रमांक एकच होता, मुळातला १. एका नावाचे दोन गडी. हाक मारली की दोघं ‘ओ’ देतात. प्रत्येकाला १ ते २५५ मधला वेगळा आकडा द्यायचा, २५५ शक्यतो स्क्रीनवाल्यासाठी सोडायचा. ते केल्यावर दोन झाले.

पण मग नवा सापळा. वरच्या कोपऱ्यात कुठला ड्रोन निवडलाय ते दाखवणारी एक बारीक यादी असते. हुकूम त्यालाच जातो. भाच्यानं मुद्दाम दोन नंबरची बॅटरी उतरवली. मी झटकन आरटीएल दाबलं. एक नंबर घरी आला. दोन नंबर पडला. मी तीन रात्री सराव केला, तीन ड्रोनपर्यंत जमलं. पाचांना नुसता गोंधळ. हात पुरतात, डोळे पुरत नाहीत.

मिशन प्लॅनरमध्येच कंट्रोल आणि एफ दाबून एक लपलेलं पान उघडतं, तिथं थव्याची खिडकी आहे. चौकटीवर ड्रोनच्या खुणा ओढून कुणी कुठं राहायचं ते मांडायचं, एकाला म्होरक्या करायचं, मग हुकूम फक्त म्होरक्याला. हे बघून आजोबांचा आठ बैलांचा नांगर आठवला. प्रत्येक बैलाला कोण हाक मारतंय? म्होरची जोडी ओळखीची असली की झालं. हजार ड्रोनच्या खेळात तर कुणी काठ्या हलवतच नाही. प्रत्येकाचा मार्ग आधीच त्याच्या पोटात भरलेला असतो. अशा खेळांसाठी हंगेरीतल्या कॉलमॉटनं केलेलं स्कायब्रश लाइव्ह आहे. त्याच्या स्क्रीनवर प्रत्येक ड्रोनचा एक लहान गोल आणि आकडा, रंगावरून तब्येत. हिरव्या गोलांच्या शेतात एखादा लाल. बघणाऱ्यानं तेवढाच शोधायचा. मला वाटतं फवारणीच्या स्क्रीनही अशा व्हायला हव्यात. आमच्या रिमोटवर एका वेळी चौदा आकडे असतात आणि त्यातला कामाचा कुठला, ते ड्रोन उसाला टेकायच्या आधी सांगत नाही.

गावात सध्या एकच ड्रोन आहे आणि तेवढा पुरे. आतापर्यंत ३७ एकर झाले. वहीची पानं झेरॉक्स करून, प्लॅस्टिकमध्ये घालून टेम्पोच्या दाराला आतून चिकटवली आहेत, कारण मदतीचा पोरगा आठवीतून सुटलेला आणि इंग्रजीला बिचकणारा. आता लाल काही आलं की माझ्याआधी तोच ओरडतो, “काका, ठावठिकाणा गेला!”

परवा त्या कागदाच्या तळाला पेन्सिलीनं लिहिलेली एक नवीन ओळ दिसली, त्याच्या अक्षरात. ‘स्क्रीनवर लाल काय नाही तरी काका गप उभे आहेत : चष्मा गाडीत राहिलाय. आणून दे.’